हेरिटेज रेल्वेवरून मेन लाइनवर गाडी नेताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

ब्रिटनमधल्या हेरिटेज रेल्वेवर (जुनी इंजिनं आणि डबे जपून चालवणाऱ्या छोट्या मार्गावर) स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे लिहितो आहे. उदाहरण सेव्हर्न व्हॅली रेल्वेच्या किडरमिन्स्टर स्टेशनाचं घेतलं आहे. किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ हा 16 मैलांचा मार्ग आहे. किडरमिन्स्टरला तिचं स्टेशन मेन लाइनच्या, म्हणजे देशाच्या नियमित रेल्वेच्या, स्टेशनाला लागूनच आहे आणि दोन्हींचे रूळ जोडलेले आहेत. डोळ्यांना अंतर काही पावलांचं दिसतं, त्यामुळे काम सोपं वाटतं.

गाडी अडकते ती क्रम चुकल्यामुळे. आधी डबा स्वच्छ करतात, मग ब्रेक पाहतात, मग तपासनीसाला बोलावतात आणि शेवटी विचारतात, "मार्ग कुठला मिळेल?" तोवर तपासणीच्या दाखल्याची मुदत संपत आलेली असते. क्रम उलटा हवा: आधी पलीकडची बाजू, मग कागद, मग मार्ग, आणि गाडीला हात त्यानंतर.

सुरुवातीआधी: जबाबदारी कोणाची?

हेरिटेज मार्गावर सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी 25 मैल असते. नियमपुस्तक तुमचं, सिग्नलमन तुमचा. हद्दीची पाटी ओलांडली की पुढचे रूळ नेटवर्क रेल या सरकारी संस्थेचे, आणि त्यांवर गाडी चालवण्याचा अधिकार परवानाधारक ऑपरेटरला. डबा तुमच्या संस्थेचा असला तरी मेन लाइनवर तो त्या ऑपरेटरच्या जबाबदारीवर धावतो. म्हणून पहिला फोन ऑपरेटरला. वर्कशॉपला फोन त्यानंतर.

सगळीकडे हीच पद्धत असते असं समजू नका. नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वे ग्रॉसमाँटहून पुढे व्हिटबीपर्यंत नेटवर्क रेलच्या रुळांवर आपल्या गाड्या नेते. तिथली व्यवस्था पाहून आलेल्या माणसाला वाटतं की किडरमिन्स्टरलाही आपलाच चालक गाडी पलीकडे नेईल. तसं नाही. ज्या सांध्यावर काम करायचं, तिथला लेखी करार आणि स्थानिक सूचना वाचा. दुसऱ्या ठिकाणच्या अनुभवावर विसंबू नका.

टप्पा 1: स्वतःच्या ताकदीने की ओढत?

हा निर्णय सर्वांत आधी, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

गाडी ओढत न्यायची असेल, म्हणजे तुमचं इंजिन बंद अवस्थेत किंवा नुसते डबे ऑपरेटरच्या इंजिनामागे, तर मुख्य प्रश्न चाकं, बेअरिंग, ब्रेक आणि जोडणी एवढेच राहतात. इंजिन स्वतःच्या ताकदीने पुढे राहून चालणार असेल, तर त्यावर एडब्ल्यूएस आणि टीपीडब्ल्यूएस ही चालकाला इशारा देणारी आणि वेळ पडल्यास आपोआप ब्रेक लावणारी सुरक्षा यंत्रणा, जीएसएम-आर रेडिओ आणि प्रवासाची नोंद ठेवणारं यंत्र हवं. शिवाय त्या मार्गाचं ज्ञान असलेला चालक हवा. वाफेच्या बहुतेक इंजिनांना मेन लाइनवर ताशी 75 मैलांची कमाल मर्यादा असते. इंजिनाप्रमाणे ती कमीही असू शकते.

हेरिटेजवर दर रविवारी उत्तम चालणारं इंजिन म्हणजे मेन लाइनला तयार इंजिन, हा समज फार जणांचा असतो. बॉयलरचा दाखला वेगळा आणि मेन लाइनची पात्रता वेगळी.

*सावधान:* सुरक्षा यंत्रणा अडथळा आणते म्हणून तिला बगल देण्याचा विचारही नको. 7 मार्च 2015 रोजी वुटन बॅसेट जंक्शनजवळ वाफेच्या इंजिनाची एक विशेष गाडी लाल सिग्नल ओलांडून जंक्शनवरच थांबली. त्याआधी वेगमर्यादेच्या सूचनेपाशी आपोआप ब्रेक लागला होता आणि तो सोडवण्यासाठी इंजिनावरच्या लोकांनी यंत्रणा बंद करणारा कॉक वापरला होता. तिथून नुकतीच एक वेगवान प्रवासी गाडी पार झाली होती.

टप्पा 2: नोंदणी आणि नंबर

मेन लाइनच्या संगणकाला जी गाडी माहीत नाही, ती गाडी तिथे जाऊ शकत नाही. प्रत्येक इंजिन आणि डबा राष्ट्रीय रोलिंग स्टॉक नोंदवहीत असावा लागतो आणि ती नोंद चालू असावी लागते. वर्षानुवर्षं हेरिटेजवरच फिरलेल्या डब्याची नोंद बंद पडलेली असणं अगदी नेहमीचं आहे.

इथे एक चूक हमखास होते. डब्यावर रंगवलेला नंबर आणि नोंदणीचा नंबर बऱ्याचदा वेगळे असतात. खासगी मालकीच्या अनेक जुन्या डब्यांची नोंदणी 99 ने सुरू होणाऱ्या पाच आकडी नंबरावर असते, आणि बाजूला मात्र मूळ कंपनीचा जुना नंबर झळकत असतो. वाफेच्या इंजिनांचा संगणकातला नंबर 98 ने सुरू होतो. गाडीच्या यादीत रंगवलेला नंबर गेला, की वजन आणि ब्रेकच्या जोराचा हिशेब एकतर जमत नाही, नाहीतर भलत्याच डब्याचा लागतो. नंबर नोंदवहीतून उतरवा, डब्याच्या बाजूवरून नको.

*तपासा:* नोंदवहीतलं वजन आजच्या डब्याचं आहे का? मधल्या काळात स्वयंपाकघर बसवलं असेल, जनरेटर टाकला असेल, बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) बदलली असेल, तर नोंद सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा 3: मार्ग आणि वेळ

मार्गाचे तीन प्रश्न एकत्र सोडवायचे असतात: वजन, रुंदी, उंची.

वजनासाठी मार्गांना आणि गाड्यांना आरए (रूट अव्हेलेबिलिटी) 1 ते आरए 10 असे क्रमांक दिलेले असतात. गाडीचा क्रमांक मार्गापेक्षा जास्त निघाला तर खास परवानगी आणि अटी लागतात. त्या अटी आरटी 3973 या मालिकेतल्या फॉर्मवर लिहिलेल्या असतात. जड अ‍ॅक्सलसाठी वेगळा फॉर्म, मापाबाहेरच्या भारासाठी वेगळा, इतर अटींसाठी वेगळा. निघण्याआधी योग्य फॉर्म चालकाच्या हातात असायलाच हवा.

रुंदीचा प्रश्न सेव्हर्न व्हॅलीसारख्या ठिकाणी जास्त येतो, कारण तिथे ग्रेट वेस्टर्न या जुन्या रेल्वे कंपनीची इंजिनं आहेत. या इंजिनांचे बाहेरचे सिलिंडर खालच्या बाजूला इतके रुंद असतात की दुसऱ्या कंपन्यांनी बांधलेल्या मार्गांवर फलाटाच्या कडेला घासू शकतात. "इंजिन आरएमध्ये बसतं, म्हणजे जाईल" हे म्हणूनच चुकीचं. आरए भाराबद्दल बोलतं, मापाबद्दल नाही. उंचीचा प्रश्न चिमणी आणि केबिनच्या छताचा. मेन लाइनसाठी बहुतेक ठिकाणी 13 फूट 1 इंचाच्या आत राहावं लागतं, आणि काही मोठ्या इंजिनांच्या चिमण्या त्यासाठी आखूड केलेल्या आहेत.

परतीचा मार्ग आणि वाटेतली थांबण्याची लूपही याच परवानगीत घ्या. मुख्य मार्ग मंजूर आणि वळसा नामंजूर असेल, तर रस्त्यात काही बिघडल्यावर गाडी जागच्या जागी अडकते.

वेळापत्रकातली जागा, म्हणजे पाथ, ऑपरेटर मागतो. रिकाम्या डब्यांच्या गाडीचा क्रमांक 5 ने सुरू होतो आणि एकट्या इंजिनाचा 0 ने. पाथ मिळाला की त्या तारखेपासून उलट मोजत तपासणीचा दिवस ठरवा. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा वाया जातो तो याच जागी.

टप्पा 4: गाडीची तपासणी

तपासणी ऑपरेटरने मान्य केलेला तपासनीस करतो. तुमचं काम त्याच्यासमोर तयार गाडी उभी करणं. तयार म्हणजे खालून पाहता येईल अशा तपासणीच्या खड्ड्यावर उभी, खालून धुतलेली आणि सगळे कागद सोबत. चाकांच्या मापांची आणि अ‍ॅक्सलच्या अल्ट्रासॉनिक चाचणीची नोंद नसेल तर तो डब्याकडे पाहणारही नाही, आणि ते बरोबरच आहे. ताशी 25 मैलांवर वर्षानुवर्षं निमूट बसलेला दोष ताशी 60 मैलांवर बाहेर येतो.

सर्वांत जास्त वेळ अ‍ॅक्सलबॉक्सला (चाकांच्या दांड्याच्या टोकावरच्या बेअरिंगच्या पेटीला) द्या. कॉमनवेल्थ किंवा बी 4 बोगीला रोलर बेअरिंग असतं, पण जुन्या डब्यांना साधं बेअरिंग आणि खाली तेलाचं पॅड असतं. झाकण उघडा, पॅड चाचपून पाहा, मग तेल बोटावर घेऊन दुसऱ्या बोटाने चोळा. चांगलं तेल पारदर्शक असतं, त्याची तार सुटते. दुधाळ, पांढरट दिसलं तर आत पाणी गेलं आहे. चकचकीत कण दिसले तर बेअरिंगच्या आतला मऊ पांढरा धातू सुटू लागला आहे. पाणी असेल तर तेल बदलून, पॅड काढून, कोरडं करून पुन्हा भरा. वरून नवं तेल ओतू नका. पाणी तळाशीच राहतं आणि तेल तरंगतं, त्यामुळे झाकण उघडल्यावर सगळं छान दिसतं आणि पॅड मात्र पाणीच शोषत राहतं. मेन लाइनवर तापलेलं अ‍ॅक्सलबॉक्स ओळखणारी उपकरणं रुळांलगत बसवलेली आहेत. तिथे इशारा लागला की तुमची गाडी थांबते आणि मागची सगळी वाहतूकही.

बाकीचं थोडक्यात. चाकावर सपाट डाग, कड्याची जाडी आणि धार, टायर हलल्याची खूण. ब्रेक ब्लॉक नवे असतील तर ते चाकावर नीट बसलेत का. खाली लोंबणाऱ्या साखळ्या, बॅटरीच्या पेटीची झाकणं, पायऱ्या. दारं बंद आणि कुलपात.

बंद वाफेचं इंजिन ओढत न्यायचं असेल तर सिलिंडर आणि व्हॉल्व्हमध्ये तेल गेलंच पाहिजे, कारण पिस्टन हलत राहणार आणि वाफ नसल्याने आत कोरडं असणार. यांत्रिक ल्युब्रिकेटर काठोकाठ भरा आणि सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे ठेवा. टेंडरमध्ये पाणी-कोळसा किती, हे वजनाच्या नोंदीशी जुळवा. डिझेल इंजिन असेल तर ट्रॅक्शन मोटर किंवा गिअर कसे विलग करायचे, हे त्या वर्गाच्या सूचनेप्रमाणेच करा. अंदाजाने नको.

*सावधान:* किडरमिन्स्टरला वर विजेच्या तारा नाहीत. पण मार्गात पुढे जिथे 25,000 व्होल्टच्या तारा लागतात, तिथे टेंडरवर किंवा डब्याच्या टपावर चढायचं नाही. पाणी भरण्यासाठी नाही, कोळसा ओढण्यासाठी नाही, फोटोसाठी तर नाहीच. हेरिटेजवर टेंडरवर चढायची सवय इतकी अंगवळणी पडते की माणूस वर न बघता चढतो.

टप्पा 5: ब्रेक

पहिली गोष्ट: ओढणाऱ्या इंजिनाचा ब्रेक कोणता आणि डब्यांचा कोणता? हेरिटेजवर व्हॅक्युम ब्रेक (पाइपमधली हवा काढली की सुटणारा, हवा शिरली की लागणारा) सर्रास असतो, मेन लाइनवरची बरीच इंजिनं फक्त एअर ब्रेकची. प्रत्येक डब्याला दोन्ही ब्रेक असतील तर ठीक. नसतील तर दोन्ही ब्रेक असलेलं इंजिन मागा, आणि ते टप्पा 1 मध्येच मागा.

नुसती नळी असलेला, म्हणजे स्वतःचा ब्रेक नसलेला डबा शेवटी लावू नका. शेवटच्या डब्याचा ब्रेक चालू हवा. जोडणी तुटली तर तो मागचा भाग कशाने थांबणार?

आता व्हॅक्युममधला तो प्रसिद्ध घोटाळा. ग्रेट वेस्टर्नची इंजिनं 25 इंच (पाऱ्याच्या) व्हॅक्युमवर चालतात, इतर बहुतेक 21 इंचांवर. सेव्हर्न व्हॅलीच्या ग्रेट वेस्टर्न इंजिनाने डबे हद्दीपर्यंत आणून सोडले, तर डब्यांच्या ब्रेक सिलिंडरच्या वरच्या कप्प्यात 25 इंच साठलेले असतात. नवं इंजिन येऊन 21 इंच तयार करतं आणि काटा अगदी बरोबर दाखवतो. पण दोन कप्प्यांत 4 इंचांचा फरक राहिल्याने ब्रेक अर्धवट लागलेलेच असतात. गाडी निघते, जड वाटते, कोणी म्हणतं लोड जास्त आहे. काही मैलांत ब्लॉक तापतात आणि चाकांवर डाग पडतात. उपाय साधा आहे. इंजिन बदलल्यावर प्रत्येक डब्याची रिलीज दोरी ओढून सिलिंडर मोकळा करायचा आणि मग नव्या इंजिनाने व्हॅक्युम तयार करायचा. प्रत्येक डब्याची, पहिल्या दोघांची नव्हे. एकाने ओढायची आणि दुसऱ्याने ब्लॉक चाकापासून सुटला का, ते वाकून पाहायचं.

भारतीय रेल्वेतला अनुभव असलेल्यांसाठी एअर ब्रेकची सूचना. आपल्याकडे ब्रेक पाइप 5 किलोचा आणि फीड पाइप 6 किलोचा, रंग हिरवा आणि पांढरा. ब्रिटनमध्ये ब्रेक पाइपचा दाब 5 बार, इथवर जुळतं, फक्त खूण लाल. दुसरा पाइप मात्र मेन रिझर्व्हॉयरचा, पिवळ्या खुणेचा, आणि त्यात दाब 7 ते 10 बारच्या दरम्यान असतो. फीड पाइपच्या हिशेबाने 6 वर थांबलेला काटा पाहून "झालं" म्हणू नका. आणि नळी सोडताना आधी दोन्ही कॉक बंद करा. 10 बारची सुटलेली नळी हाड मोडते.

बंद इंजिन गाडीत असेल तर त्याचा चालकाचा ब्रेक व्हॉल्व्ह विलग केलेला हवा. गाडीचा ब्रेक एकाच जागेवरून चालला पाहिजे.

*तपासा:* हँडब्रेक. मार्क 1 (ब्रिटिश रेल्वेच्या जुन्या ठरावीक प्रकारच्या) डब्यांत तो फक्त गार्डच्या कप्प्याच्या डब्यात असतो, म्हणून विसरला जातो. रात्री गाडी उभी करणाऱ्याने लावलेला असतो आणि सकाळची टोळी वेगळी असते. कोणी लावला, कोणी सोडला, हे पाटीवर लिहा.

टप्पा 6: जोडणी

मार्क 1 डब्यांना बकआय कपलर असतो, म्हणजे डबे एकमेकांत अडकवणारा मोठा आकडा, खाली पाडता येणारा. डबा डब्याला बकआयने जोडलेला असताना बफर आत घेतलेले असतात. तोच डबा इंजिनाच्या हुकाला स्क्रू कपलिंगने जोडायचा असेल तर बकआय खाली पाडून बफर बाहेर ओढायचे आणि ते पुन्हा आत जाऊ नयेत म्हणून त्यांच्या दांड्यावर सॅडल नावाचे तुकडे बसवायचे. हे विसरलं की बफर एकमेकांना टेकतच नाहीत. कपलिंग कितीही आवळा, ढिलाई राहते आणि ब्रेक लागताना हिसका बसतो.

स्क्रू कपलिंग नीट आवळल्याची खूण सोपी: दोन्ही बाजूंचे बफर एकमेकांना हलके दाबून उभे. एका बाजूला कागद जाईल एवढी फट असेल तर पुन्हा आवळा. पण वळणावर उभं असताना ही परीक्षा करू नका, तिथे एका बाजूला फट दिसणारच.

*सावधान:* दोन गाड्यांच्या मध्ये शिरण्याआधी हालचाल पूर्ण थांबलेली हवी आणि चालकाने तसं कबूल केलेलं हवं. शंटिंगचा इशारा देणारा माणूस एकच. हौशी मंडळी जमली की तिघे-चौघे हात हलवायला लागतात. त्यांना प्रेमाने पण ठामपणे बाजूला करा.

टप्पा 7: हद्दीवरचा दिवस

क्रम असा ठेवा.

1. हेरिटेज सिग्नलमन आणि मेन लाइनचा सिग्नलर यांचं बोलणं झालं आहे, हे खात्रीने कळेपर्यंत गाडी हद्दीच्या दिशेने हलवू नका.

2. आपल्या इंजिनाने डबे ठरलेल्या रुळावर आणा, पाटीच्या आत थांबा, हँडब्रेक लावा, इंजिन सोडवून दूर करा. ऑपरेटरचं इंजिन आत येण्याआधी रस्ता मोकळा हवा.

3. ऑपरेटरचं इंजिन जोडल्यावर दोरी ओढण्याचं काम, मग ब्रेक तयार करणं, मग हँडब्रेक सोडणं. हाच क्रम. हँडब्रेक आधी सुटला तर गाडी काही क्षण कशाच्याही आधाराशिवाय उभी असते.

4. ब्रेकची सलगता चाचणी. शेवटच्या डब्यात माणूस उभा राहून काटा पाहतो. पुढून ब्रेक लावला की मागचा काटा पडला पाहिजे, सोडला की चढला पाहिजे. पुढच्या काट्यावरून मागचा अंदाज करणं ही चाचणी नव्हे. मध्ये एखादा कॉक बंद असला तरी पुढचा काटा उत्तमच दिसतो.

5. शेवटच्या डब्याला लाल टेल लॅम्प, पेटलेला. डबे आपल्या इंजिनाने आणताना मागचं टोक वेगळं असू शकतं, तेव्हा जुना दिवा गाडीच्या मधोमध राहिला नाही ना, हे पाहा.

6. गाडीची यादी, अटींचे फॉर्म आणि तपासणीचा दाखला चालकाच्या हातात. सही, वेळ.

डब्यात कोण बसणार, तेही आधीच ठरवा. रिकाम्या डब्यांच्या गाडीत ऑपरेटरने यादीत घेतलेली माणसंच बसतात. दिवसभर राबलेल्या स्वयंसेवकांना पुढच्या स्टेशनापर्यंत फेरी मारायची इच्छा होते, ती मी समजू शकतो, पण उत्तर नाहीच.

टप्पा 8: पहिला थांबा आणि परत येणं

निघाल्यावर पहिल्या ठरलेल्या थांब्यावर प्रत्येक अ‍ॅक्सलबॉक्सचं तापमान घ्या. हे काम रुळांलगत जाण्याची परवानगी असलेल्या माणसानेच करायचं, आणि रहदारीच्या बाजूला उतरण्याआधी सिग्नलरकडून संरक्षण घेऊन. इन्फ्रारेड थर्मामीटर उत्तम. आकडा एकटा पाहू नका, शेजारच्या बॉक्सशी ताडून पाहा. सगळे कोमट असतील तर चालतं, एकच बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर तो बिघडतो आहे. सगळेच गरम आणि चाकंही गरम, तर बेअरिंगकडे न पाहता ब्रेककडे पाहा.

परतीच्या वेळी लोक ढिले पडतात. गाडी घरी आली, आता काय, असं वाटतं. पण 21 इंचांवर आलेले डबे तुमच्या 25 इंचांच्या इंजिनाला चालतात, उलट चालत नाहीत, एवढं लक्षात ठेवून पुढच्या इंजिनाची नेमणूक करा. पाहुणं इंजिन येत असेल तर तुमच्या पुलांचा आणि वळणांचा भार-हिशेब आधी पाहा. मेन लाइनवर चालतं म्हणून हेरिटेजवर चालेलच असं नाही, जड डिझेल इंजिनांबाबत तर विशेष.

आत आलेली गाडी थेट प्रवासी सेवेत लावू नका. ब्लॉकची जाडी, चाकांवरचे नवे डाग, अ‍ॅक्सलबॉक्सचं तेल, बफरचे सॅडल जागच्या जागी आहेत का, हे पाहून नोंदवहीत लिहा आणि त्यासोबत मेन लाइनवर धावलेले मैल लिहा. अ‍ॅक्सलच्या पुढच्या चाचणीची वेळ त्या मैलांवरूनही ठरते, आणि ते लिहायचे राहिले तर पुढच्या वेळी तपासनीस पहिला कागद तोच मागेल.